मरणाची खतावणी

सर्वांत अवघड गेम कोणता, हा वाद तरुण मुलांमध्ये रंगतो तेव्हा ऐकण्यासारखा असतो. एक जण 'सेकिरो'चे नाव घेतो, दुसरा 'ब्लडबोर्न'चे. तिसऱ्याच्या मते 'एल्डन रिंग'मधल्या मलेनिया नावाच्या योद्धीला ज्याने एकट्याने हरवले नाही, त्याने या विषयावर बोलूच नये. शत्रूचा वेग, त्याच्या वाराची ताकद, वार चुकवायला मिळणारा क्षण असे सगळे मुद्दे येतात आणि वाद जिथल्या तिथे राहतो. राहणारच, कारण हाताचा वेग ज्याचा त्याचा. एकाला जो डोंगर वाटतो ते दुसऱ्याला टेकाड असते.

मला या खेळांची तुलना दुसऱ्या मापाने करायची आहे. खेळाडू मेला की गेम त्याच्याकडून काय काढून घेतो, काय त्याच्यापाशी ठेवतो, आणि काढून घेतलेले परत मिळवण्याची वाट ठेवतो की नाही? हे हाताच्या वेगावर अवलंबून नसते. गेम घडवणाऱ्याने ते आधीच ठरवलेले असते आणि चुकीविषयी, मरणाविषयी त्याचे मत काय आहे ते तिथेच उघडे पडते. हे माप सुचण्याचे कारण साधे आहे. जालना हे मोंढ्याचे गाव. 'जालना, सोने का पालना' ही इथली म्हण. उमेदीची बरीच वर्षे मी एका अडत दुकानात रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी जगाकडे पाहण्याची सवय नंतर सुटत नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या प्रकाराला डार्क फँटसी म्हणतात. अद्भुत आहे, पण राजपुत्र-परीचे नव्हे. राज्य बुडालेले, राजा जिवंत असून नसल्यासारखा, देव परागंदा झालेले, आणि त्या पडझडीतून एकटा माणूस तलवार घेऊन चाललेला. तो लढतो, लढून काही कमावतो, त्या कमाईवर आपले बळ वाढवतो. लढणे खेळाडूच्या हाताने होते म्हणून तो 'अ‍ॅक्शन', आणि बळ कुठल्या बाजूने वाढवायचे हे तोच ठरवतो म्हणून 'रोल-प्लेइंग'. मी स्वतः हे खेळू शकत नाही. पन्नाशीनंतर बोटे वेळेवर पोहोचत नाहीत. माझा भाचा खेळतो आणि मी शेजारी दोनशे पानी वही घेऊन बसतो. तो कुठे मेला, कशाने मेला, किती गेले, किती परत आले, हे मी टिपतो. गेली काही वर्षे हा आमचा शिरस्ता आहे.

सगळ्यात जुना हिशेब निर्दय होता. १९८० मध्ये मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या कॅलिफोर्नियातल्या दोन तरुणांनी 'रोग' नावाचा गेम केला. (आजार असा अर्थ घेऊ नये, शब्द इंग्रजी आहे आणि अर्थ बदमाश असा आहे.) पडद्यावर चित्रे नव्हती, अक्षरांनीच भिंती आणि राक्षस दाखवलेले. त्यात मेले की संपले. जपून ठेवलेला खेळही पुसला जाई. वही फाडून टाकायची आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायची. पुढच्याच वर्षी अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा 'विझर्डरी' आला. त्यात सहा जणांची टोळी तळघरात उतरे. सगळे मेले तर त्यांची प्रेते तिथेच पडून राहत आणि ती आणायला दुसरी टोळी उभी करून पाठवावी लागे. प्रेत वर आणले तरी भागत नसे. देवळात पैसे मोजून जिवंत करून घ्यायचे, आणि तोही विधी फसू शकत असे. फसला की प्रेताची राख. राखेवरचाही विधी फसला की ते नाव कायमचे गेले. मर्तिकाला गेलेल्या माणसाला खर्चाचे अंदाजपत्रक दाखवावे असा हा प्रकार. पण मेलेल्याकडे परत जाण्याची कल्पना इथे रुजली, आणि 'विझर्डरी' अमेरिकेइतकाच जपानात डोक्यावर घेतला गेला.

जपानने हा हिशेब आधी मवाळ केला. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये मेलेल्या नायकाला राजा पुन्हा उभे करतो. खिशातले अर्धे सोने जाते, मिळवलेला अनुभव शाबूत राहतो. दंड भरा आणि कामाला लागा. घराघरातल्या मुलांसाठी केलेल्या गेमला हे शोभणारेच होते. अमेरिकेत २००० साली 'डायब्लो २'ने वेगळी वाट धरली. अंगावरचे चिलखत आणि हातातले शस्त्र प्रेतापाशीच राही. ज्यांनी मारले त्यांच्याच गराड्यात जाऊन ते सोडवून आणायचे. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी हा गेम खेळला, त्यांना ती उघड्या अंगाने केलेली धाव आठवत असेल.

इथवर एक गोष्ट कायम होती. पैसा आणि अनुभव यांची दोन खाती वेगळी होती. मरणाचा फटका पैशाच्या खात्याला बसे, फार तर सामानाच्या. शिकलेले सहसा सुरक्षित राही. ही दोन खाती एकत्र केली ती फ्रॉमसॉफ्टवेअर या टोकियोच्या कंपनीने. तिची सुरुवात १९८६ मध्ये, आणि आरंभीची काही वर्षे ती खेळ नव्हे तर कचेऱ्यांच्या कामाची सॉफ्टवेअर करत होती. डिसेंबर १९९४ मध्ये 'किंग्ज फील्ड' हा तिचा पहिला गेम आला. संथ, काळोखी, खेळाडूला फारसे काही न सांगणारा. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, तिथे हिदेताका मियाझाकी नावाचा माणूस नोकरीला लागला. वय २९. आधी ओरॅकलमध्ये होता, गेम करण्याचा अनुभव शून्य, शिवाय उशिरा आलेला, त्यामुळे पगारातही खाली उतरून आलेला. कंपनीत एक गेम रखडला होता आणि तो बुडणार असे वरिष्ठ धरूनच चालले होते. मियाझाकीने तो मागून घेतला. बुडणारच असेल तर आपण काय करतो याकडे कोणी फारसे पाहणार नाही, असा त्याचा विचार होता, आणि पुढे त्याने तो मुलाखतीत मोकळेपणाने सांगितला.

तो गेम म्हणजे 'डिमन्स सोल्स'. फेब्रुवारी २००९ मध्ये जपानात आला. जपानबाहेर तो काढायला सोनीने नकार दिला आणि अमेरिकेत तो त्याच वर्षी अ‍ॅटलस या दुसऱ्या कंपनीने काढला. यात शत्रू मारला की आत्मे मिळतात. या आत्म्यांनीच दुकानात शस्त्र घ्यायचे आणि या आत्म्यांनीच अंगातले बळ वाढवायचे. पैसा तोच, अनुभवही तोच. मेल्यावर जवळचे सगळे आत्मे जातात आणि जिथे मेलात तिथे रक्ताचा एक डाग उरतो. वाटेतले सगळे शत्रू पुन्हा उभे राहिलेले असतात. त्यांच्यातून त्या डागापर्यंत पोहोचलात तर सारी रक्कम परत. वाटेत पुन्हा मेलात तर पहिला डाग पुसला गेला.

मी वहीत याला अनामत असे नाव दिले. बुडीत नव्हे, दंडही नव्हे. रक्कम तुमचीच आहे, अमुक ठिकाणी ठेवलेली आहे, एका अटीवर मिळेल. ही अट खेळाडूचे मन कसे फिरवते ते शेजारी बसून पाहावे. मेलेला मुलगा आधी चिडतो, मग लगेच हिशेब करतो: किती होते, वाट कोणती, कोणाला टाळता येईल. दुसऱ्या खेपेला तो त्याच वाटेने अधिक शहाणा होऊन जातो. त्याच्या आत्म्यांपेक्षा त्याची वाटेची ओळख आता अधिक किमतीची झालेली असते, पण ती कुठल्याच खात्यात दिसत नाही. 'रोग'मध्येही खेळाडू शिकतच होता. तिथे मागे जायला काही उरत नव्हते एवढेच.

'डिमन्स सोल्स'मध्ये याशिवाय दोन काटे होते. मेलेला खेळाडू आत्मारूपाने परततो आणि त्याची जीवनरेषा जवळपास अर्धी होते. आणि सदेह असताना मेला तर ते सगळे क्षेत्रच थोडे काळवंडते, शत्रू अधिक बळकट होतात. म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यावरच व्याजाचा दर वाढवायचा. सावकारी पाहिलेल्या मराठवाड्याला हे समजावून सांगावे लागू नये. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, 'डार्क सोल्स' आला तेव्हा मियाझाकीने हे व्याज काढून टाकले आणि अनामत तेवढी ठेवली. माझ्या मते तो या परंपरेतला सर्वांत स्वच्छ हिशेब आहे. वाटेत कुठे कुठे आग पेटलेली असते. तिच्यापाशी बसले की जखमा भरतात, औषधाची कुपी भरते, आणि मारलेले सगळे शत्रूही परत उठतात. विश्रांती फुकट नाही.

आपल्याकडे याचे मूळ शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा मोक्षपटाकडे जातो. मीही गेलो. सापशिडीचा हा पूर्वज. परंपरा तो ज्ञानेश्वरांकडे नेते, तरी हाती असलेले पट त्यांच्या काळाच्या कितीतरी नंतरचे आहेत. सापाच्या तोंडाशी दुर्गुण, शिडीच्या पायाशी सद्गुण, शेवटी मोक्ष. खेळाडू पडतो, पुन्हा चढतो, म्हणून साम्य वाटते. पण कवड्या जे देतील ते दान. पडणाऱ्याने काही चूक केलेली नसते आणि पुन्हा चढताना त्याला काही कळलेलेही नसते. पट कर्माचा सिद्धान्त शिकवत असेल, वाट शिकवत नाही. ही तुलना दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर शोभेल.

खरे साम्य आहे ते वेताळात, आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. वेताळपंचविशी म्हटले की आपल्याला उज्जैनचा विक्रम आठवतो. पण सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त हा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची नगरी गोदातीरावरचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. आमच्या अंबड-घनसावंगीच्या दक्षिणेला जी गोदावरी वाहते, तिच्याच वरच्या अंगाला. एक भिक्षू या राजाला रोज एक फळ आणून देई आणि राजा ते कोषाध्यक्षाकडे टाकून देई. बऱ्याच वर्षांनी कळते की प्रत्येक फळात रत्न होते. त्या ऋणापोटी राजा स्मशानात जातो, झाडावर टांगलेले प्रेत खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोके फुटेल. बोललास तर प्रेत परत झाडावर. राजा बोलतो. प्रेत जाते. राजा परत त्याच अंधारातून त्याच झाडाकडे.

आता वही उघडून पाहा. प्रत्येक खेपेला काय गेले? चाललेले अंतर. काय राहिले? ऐकलेली गोष्ट. परत मिळवण्याची वाट आहे का? आहे, झाडापर्यंतची, आणि ती राजाला आता पाठ आहे. चुकीची शिक्षा आणि चुकीचे शिक्षण एकाच पावलात. कुठल्याही जपानी माणसाने वेताळ वाचून गेम केला असा माझा दावा नाही. तसा पुरावा नाही आणि तशी गरजही नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की तेच दुःख पुन्हा पायाखाली घालण्यातली गोडी आपल्या कथाकारांना ठाऊक होती. शेवटचा प्रश्न तर विलक्षण आहे. चोविसाव्या गोष्टीचे उत्तर राजाला सुचत नाही. तो गप्प चालत राहतो, आणि म्हणूनच प्रेत खांद्यावर टिकते. इतक्या वेळा उत्तर माहीत असल्याने तो मागे गेला. माहीत नसल्याने पोहोचला. याच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

'डार्क सोल्स'नंतर या खतावणीला फाटे फुटले. सगळ्यांची दखल इथे घेत नाही. २०१४ च्या 'डार्क सोल्स २'ने घसारा आणला: दर मरणागणिक जीवनरेषेची कमाल मर्यादा थोडी घटते, निम्म्यापर्यंत. ती भरून काढायला मानवाकृती बाहुली खर्चावी लागते. पण तोच गेम, एकच शत्रू ठरावीक वेळा मारला की त्याला कायमचा उठवायचा थांबवतो. चिकाटीला दिलेली ही सूट की कीव, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. २०१५ च्या 'ब्लडबोर्न'मध्ये तुमची अनामत कधी कधी ज्याने मारले तोच बाळगून असतो. त्याचे डोळे चमकतात आणि त्याला मारूनच ती सोडवावी लागते. २०१७ च्या 'निओह'मध्ये अनुभवाला 'अमृता' असे नाव आहे. आपलाच शब्द, बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेलेला. तिथे मेल्यावर अमृत थडग्यापाशी राहते आणि ते राखायला तुमचा रक्षक आत्माही तिथेच थांबतो, म्हणजे परत जाईपर्यंत तुम्ही त्याच्या बळाशिवाय. हे सरळ तारण झाले. सोने मात्र तुमच्यापाशीच राहते. दोन खाती पुन्हा वेगळी. कोरियातून २०२३ मध्ये आलेल्या 'लाइज ऑफ पी'मध्ये अनामतीकडे जाताना जेवढे घाव खाल तेवढी अनामतच कमी होत जाते. नाक वाढणाऱ्या पिनोकिओच्या गोष्टीवर इतका काटेकोर गेम कोणी करील असे वाटले नव्हते.

या सगळ्यांत 'सेकिरो' वेगळा बसतो. २०१९ चा, मियाझाकीचाच. युद्धाने पिंजलेला जपान आणि 'लांडगा' म्हणवणारा शिनोबी. तो मेला की तिथल्या तिथे एकदा उठू शकतो. नंतर खरोखर मेला तर जवळची निम्मी नाणी आणि पुढच्या कौशल्यासाठी साठलेला निम्मा अनुभव जातो. डाग नाही, थडगे नाही, परत जाऊन आणायचे काही नाही. अनामतीची पद्धत ज्याने रूढ केली त्यानेच ती मोडली. एकदा पुरे मिळवलेले कौशल्य मात्र जात नाही. शिवाय काही वेळा अदृश्य कृपेने काहीच जात नाही. ही शक्यता फार तर तीस टक्के. आणि इथे खरा घाव आहे. लांडगा वारंवार मरून उठत राहिला की त्याला भेटलेल्या माणसांना खोकल्याचा रोग जडतो, ड्रॅगनरॉट. जितके लोक आजारी, तितकी कृपा कमी. तुमचे मरण दुसऱ्याच्या नावे टाकले जाते. मी पाहिलेल्या गेमांपैकी एवढ्या स्पष्टपणे हे कोणी लिहिलेले नाही, की एकट्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची किंमत घरातले बाकीचे भरत असतात.

भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पूर्व परीक्षेचे गुण पुढे जमा होत नाहीत. दर वर्षी वही कोरी. मराठवाड्यातल्या किती घरांत असा एक मुलगा किंवा मुलगी आहे ते वाचकांना सांगायला नको. माझी बहीण मला एकदा म्हणाली, "दादा, त्याला सांगायचं सोडून तूच वही घेऊन बसतोस?" मी तिला सेकिरोचा खोकला समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग खोकतंय कोण ते बघ." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधण्यासाठी हा लेख नाही; पण या खेळांवर 'वेळेचा अपव्यय' एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांनी हा गेम पाहिलेला नसतो हेही खरे.

'सेकिरो' आला तेव्हा त्यात सोपी पातळी असावी की नाही यावर जगभर जोरात वाद झाला. मियाझाकीने त्याचे उत्तर तीन वर्षांनी 'एल्डन रिंग'मध्ये दिले असे मी मानतो. पार्श्वकथेसाठी जॉर्ज आर. आर. मार्टिन, फेब्रुवारी २०२२, वर्षभरात दोन कोटींहून अधिक प्रती. सोपी पातळी तिथेही नाही. पण जग मोकळे आहे. एक वाट अडली तर दुसरीकडे जा, बळ वाढवून परत ये. मोठ्या लढतीच्या तोंडाशीच पुन्हा उठायची सोय आहे, हाकेला येणारे आत्मे आहेत, परके खेळाडूही मदतीला बोलावता येतात. अनामत तीच, पण तिच्यापर्यंतची वाट आखूड झाली. मदतीला येणाऱ्या परक्यांची कल्पना 'डिमन्स सोल्स'पासूनची आहे आणि तिची हकिगत मियाझाकीनेच सांगितलेली आहे. बर्फात चढावर त्याच्या पुढची गाडी अडली, मागच्यांची रांग घसरू लागली; मग मागच्या गाडीने पुढचीला ढकलत सगळ्यांना वर काढले. तो वर पोहोचला, पण थांबून मागच्याचे आभार मानणे शक्य नव्हते. या गेममध्ये मदत करणारा काम होताच विरून जातो आणि तुम्ही त्याला एक अक्षर बोलू शकत नाही, ते यामुळे.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या 'ब्लॅक मिथ: वुकाँग' या चिनी गेमने तर हे खातेच बंद केले. मेलात तर काहीच जात नाही. शत्रू उठतात, तुम्हीही उठा. पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. त्याची कथा सोळाव्या शतकातल्या 'पश्चिमेच्या प्रवासा'वरची, आणि त्या कादंबरीचे बीज म्हणजे सातव्या शतकात भारतात आलेला युआन श्वांग. त्याने महाराष्ट्राचे वर्णन केले, पुलकेशीचे केले, आणि डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे केले तो अजिंठाच असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे या गेमच्या मागे जो प्रवासी आहे त्याची वाट आमच्या जिल्ह्याच्या उशापासून फार लांब नव्हती. आपण मात्र त्या वाटेवर काय केले?

केले आहे, थोडे. हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओचा 'असुरा' २०१७ मध्ये आला. तो 'रोग'च्या घराण्यातला, मेले की पहिल्यापासून. आणि पुण्यात श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग यांच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' केला. लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाहेर पडला आणि त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनापर्यंत गेला. राजी ही कसरती करणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधते. तिच्यावर दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत असतात. राजस्थानी महाल, डोळ्यांचे पारणे फेडणारे. तो या अवघड पंक्तीतला नाही आणि त्याने तसे सोंगही घेतलेले नाही. मेलात तर काही पावले मागून पुन्हा. पाच-सहा तासांत संपतो. मला त्यात एवढेच खुपले की गेम पुण्यात झाला आणि मराठीत नाही. आधी इंग्रजी, पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज. त्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. बाजार तसा आहे. 'एल्डन रिंग'मध्ये थाई लिपी आहे, पोलिश आहे. भारतीय भाषा एकही नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांनी मातृभाषा मराठी सांगितली.

याचा परिणाम असा की या खेळांची अर्धी कथा इथल्या खेळाडूपर्यंत पोहोचतच नाही. हे गेम कथा सांगत नाहीत, विखरून ठेवतात. तलवारीच्या, अंगठीच्या वर्णनात दोन ओळी, तीही जुन्या वळणाच्या इंग्रजीत. भाचा त्या अडखळत वाचतो, चित्राकडे पाहतो आणि बाकीचे जुळवतो. मला याची खंत वाटत असे, आणि मग मियाझाकीच्या लहानपणाची हकिगत वाचनात आली. घर गरीब, पुस्तके वाचनालयातली, आणि त्यांतली बरीच त्याच्या वयाला जड. जो मजकूर कळत नसे तो तो चित्रांवरून आणि कल्पनेने भरून काढी. पुढे गेम करताना त्याने मुद्दामच मध्ये गाळलेल्या जागा ठेवल्या. जालन्यातल्या मुलाची जी रोजची अडचण, तिच्यातूनच तो गेम जन्माला आला होता. त्रिविक्रमसेन चोविसाव्या गोष्टीला गप्प राहिला तो इथे मला आठवतो.

पण अर्धवट कळण्याचे कौतुक एका मर्यादेपर्यंतच. वेताळाची ही कथा ज्या 'बृहत्कथे'च्या परंपरेने सोमदेवापर्यंत आली असे मानतात, तिचा कर्ता गुणाढ्य प्रतिष्ठानच्या सातवाहन दरबारातला. कथा त्याने पैशाचीत लिहिली. राजाने भाषा पाहूनच ती झिडकारली, तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवले आणि आगीत टाकले. सात लाख श्लोकांतले एक लाख उरले, तेही आज मूळ रूपात नाहीत. ही दंतकथा आहे. पैठणच्या आसपास राहणाऱ्याला ती दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही इतकेच.

म्हणून वहीच्या मागच्या पानांवर आम्ही एक यादी सुरू केली आहे. 'बॉनफायर'ला भाचा शेकोटी म्हणत होता. मी म्हणालो, शेकोटीभोवती माणसे जमतात, इथे एकटा बसतो आणि काहीतरी व्रत असल्यासारखा बसतो, धुनी म्हण. ते त्याने मान्य केले. 'एम्बर'ला निखारा, यावर वाद झाला नाही. 'एस्टस' तसाच ठेवला. अडले ते 'हॉलो'वर. वारंवार मरून ज्याचे ध्येयच नाहीसे झाले, जो नुसताच भटकतो, अंगावर येतो, तो हॉलो. पोकळ म्हटले तर भांडे डोळ्यांपुढे येते, रिता म्हटले तर कविता होते. हे गाव बियाण्यांचेही आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथेच सुरू केली, आणि दाणा तळहातावर घेऊन पारखणारी माणसे इथे गल्लोगल्ली आहेत. एका रात्री त्या भटक्यांच्या घोळक्यात भाचा तिसऱ्यांदा मेला, आणि पडदा काळा होत असताना म्हणाला, "मामा, लिहा. पोचट."

मी लिहून घेतले. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह ठेवले आहे, कारण पोचट दाणा पुन्हा भरत नाही आणि गेममधला हॉलो काही वेळा भरतो.